मोबाइल काढून घेतला, मग ते ऋण प्रबलन का नाही?

अकरावी-बारावीच्या मानसशास्त्रावर आलेल्या पत्रांतून यंदा पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्या आणि तिसऱ्याला जागा जास्त दिली आहे, कारण मुलांचे गुण बहुतेक तिथेच जातात.

प्रश्न : चाचणीत मी लिहिलं, 'आईने मोबाइल काढून घेतला, हे ऋण प्रबलन.' मॅडमनी चूक दिली. काढून घेतलं म्हणजे ऋणच ना? (बारावीची विद्यार्थिनी, मानेवाडा)

ऋण बरोबर, प्रबलन चूक. प्रबलन म्हटलं की वर्तन वाढायलाच हवं. मोबाइल गेला आणि त्यामुळे रात्री जागून रील बघणं कमी झालं, तर ती झाली ऋण शिक्षा.

कुठलंही उदाहरण आलं की दोन प्रश्न विचार, आणि याच क्रमाने. आधी : ज्या वर्तनाबद्दल बोलतोय ते पुढे वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मग : त्या वर्तनापाठोपाठ काही मिळालं की काही गेलं? मिळालं तर धन, गेलं तर ऋण. धन-ऋण ही इथे नुसती बेरीज-वजाबाकी आहे, चांगल्या-वाइटाशी तिचा संबंध नाही. बहुतेक मुलं दुसरा प्रश्न आधी सोडवतात आणि पहिला विचारतच नाहीत. तुझंही तेच झालंय.

ऋण प्रबलनाचं उदाहरण नागपुरात मे महिन्यात शोधावं लागत नाही. पारा 45 वर, खोलीची भट्टी झालेली. तू कूलरचं बटण दाबतेस, उकाडा हटतो. दुसऱ्या दिवशी बाहेरून आल्या आल्या हात आधी बटणाकडे जातो. नकोसं ते गेलं आणि बटण दाबण्याचं वर्तन पक्कं झालं.

आता जरा अवघड. सीताबर्डीच्या गर्दीत एक पोरगं चॉकलेटसाठी भोकाड पसरतं, आई वैतागून घेऊन देते, पोरगं गप्प होतं. पोराच्या रडण्यापाठोपाठ चॉकलेट मिळालं, हे धन प्रबलन. आईच्या घेऊन देण्यापाठोपाठ रडणं थांबलं, हे ऋण प्रबलन. पुढच्या खेपेला दोघंही तेच करणार. त्यामुळे प्रश्नात कोणाचं वर्तन विचारलंय, त्या नावाखाली आधी रेघ ओढ. नाहीतर उत्तर अर्धं पोराचं, अर्धं आईचं होतं.

आणखी एक. देणाऱ्याचा हेतू इथे मोजत नाहीत. दंगा करणाऱ्या मुलावर सर ओरडले, वर्ग खदखदून हसला आणि त्याचा दंगा वाढला, तर सरांनी शिक्षा केली असं कितीही वाटलं तरी घडलंय प्रबलन. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पेटीत कळ दाबली की उंदराला अन्न मिळायचं. तिथेही उंदराला काय वाटतं याची नोंद नसायची, तो कळ किती वेळा दाबतो याची असायची.

पाव्हलॉवच्या प्रयोगाशी (अन्नाआधी दरवेळी आवाज ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्रा लाळ गाळतो) गल्लत होत असेल तर एवढं बघ : कुत्र्याने लाळ गाळो वा न गाळो, अन्न येणारच होतं. ते अभिजात अभिसंधान (अभिसंधान म्हणजे दोन गोष्टींची सांगड घालून शिकणं). स्किनरच्या उंदराने कळ दाबली नाही, तर त्याला काहीच मिळत नाही. ते साधक अभिसंधान. आणि पाव्हलॉवची आकृती काढताना क्रम सांभाळ : आवाज आधी, अन्न लगेच नंतर. अन्न आधी आणि आवाज नंतर असं केलं तर अभिसंधान जेमतेम होतं, कारण आवाजाने पुढचं काहीच कळत नाही.

प्रश्न : मुलाने मोबाइलवर चाचणी दिली, बुद्धिगुणांक 100 आला. हे शंभरपैकी शंभर समजायचं का? (पालक, नंदनवन)

नाही. 100 म्हणजे त्या वयाची सरासरी. जुनं सूत्र असं होतं : मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले 100. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय 12 आलं तर 120. मोठ्यांना हे लावलं की घोटाळा होतो. मानसिक वय किशोरवयानंतर तसं वाढत नाही, प्रत्यक्ष वय मात्र वाढतच राहतं, म्हणजे धडधाकट माणूसही सूत्रात दरवर्षी मंद ठरत जातो. म्हणून मानसशास्त्रज्ञ वेक्सलरने 1939 च्या चाचणीत तुलना त्याच वयोगटाशी केली. आज सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) 15 धरतात, त्यामुळे साधारण 68 टक्के लोक 85 ते 115 मध्ये येतात. मोबाइलवरची चाचणी कोणत्या गटावर प्रमाणित केली हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा करमणूक म्हणून सोडून द्या.

प्रश्न : प्रकल्पासाठी शब्दांची यादी वाचून कोणते शब्द जास्त आठवतात ते बघितलं. पुस्तकात पहिले आणि शेवटचे जास्त आठवतात असं आहे, आमचे मधलेच आठवले. निष्कर्ष काय लिहायचा? (अकरावीचा गट, कामठी)

निष्कर्ष नंतर, आधी यादी तपासू. तुम्ही पाठवलेल्या यादीत सातवा शब्द 'मारबत' आहे आणि आठवा 'बडग्या', म्हणजे आपल्या मारबतीच्या मिरवणुकीतले पुतळे. नागपूरच्या मुलाला एक आठवला की दुसरा आपोआप आठवणार. शिवाय चौथा 'संत्री', नववा 'मोसंबी', दहावा 'लिंबू'. मधल्या शब्दांना तुम्हीच एकमेकांच्या गळ्यात बांधलंत, मग ते वर येणारच.

नवी यादी करा. 15 शब्द, सगळे दोन किंवा तीन अक्षरांचे, रोजचे, पण एकमेकांशी संबंध नसलेले : कात्री, ढग, विहीर, खडू असे. शेजारच्या शब्दांचं यमकही नको. एकाने वाचायचं, दर 2 सेकंदांना एक शब्द, घड्याळावर नजर ठेवून आणि आवाजाची पट्टी एकसारखी ठेवून. शेवटचा शब्द आला की बहुतेकांचा आवाज खाली उतरतो आणि 'संपलं' असा इशारा जातो. तो टाळायला आधी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि सगळ्यांना तेच ऐकवा. मग 2 मिनिटं, आठवेल त्या क्रमाने लिहू द्या. क्रम पाळायला सांगितलंत तर प्रयोगच बदलतो.

एकट्या मित्रावर करून भागत नाही. किमान 10 जण घ्या, एकेकट्याला बसवा. वर्गात एकदम घेतलं की कुजबुज होते, शेजारच्या वहीत डोकावणं होतं. प्रत्येक स्थानासाठी टक्केवारी काढा : पहिला शब्द 10 पैकी 8 जणांनी लिहिला तर 80. आडव्या अक्षावर स्थान 1 ते 15, उभ्यावर टक्के. रेघ दोन्ही टोकांना वर आणि मध्ये खोल गेली पाहिजे.

खरी मजा दुसऱ्या फेरीत आहे. दुसरे 10 जण, तेच ध्वनिमुद्रण, पण यादी संपताच लिहू द्यायचं नाही. 30 सेकंद 100 पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजायला लावा : 97, 94, 91. ग्लान्झर आणि क्युनिट्झ या संशोधकांनी 1966 मध्ये अशाच विलंबाने दाखवलं की शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा होतो, पहिल्यांचा टिकतो. नेहमीचं स्पष्टीकरण असं : शेवटचे शब्द अल्पकालीन स्मृतीत रेंगाळत असतात, मोजणी त्यांना बाहेर ढकलते. पहिल्या शब्दांची मनात उजळणी झालेली असते, ते दीर्घकालीन स्मृतीत पोहोचलेले असतात. इथे स्वतंत्र चल (आपण बदलतो ते) म्हणजे विलंब, आश्रित चल (आपण मोजतो ते) म्हणजे आठवलेल्या शब्दांची टक्केवारी. कूलर दोन्ही गटांना सुरू ठेवा किंवा दोन्ही गटांना बंद. एकाला घरघर आणि दुसऱ्याला शांतता मिळाली, तर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही.

इतकं करूनही रेघ पुस्तकातल्यासारखी आली नाही तर ती तशीच काढा आणि संभाव्य कारणं लिहा. आकडे 'सुधारू' नका. दहा जणांत थोडा वाकडेपणा असतोच, आणि फार गुळगुळीत रेघ आली की तपासणाऱ्याला लगेच शंका येते.

प्रश्न : एबिंगहाउसप्रमाणे एका दिवसात 66 टक्के विसरतो. मग आदल्या दिवशी वाचून उपयोग काय? (बारावीचा विद्यार्थी, महाल)

एबिंगहाउस हा स्मृतीचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ. त्याच्या 1885 च्या प्रयोगात एका दिवसानंतर बचत सुमारे 34 टक्के होती. बचत म्हणजे पुन्हा पाठ करताना वाचलेला वेळ. पहिल्यांदा 10 मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा 6.6, तर बचत 34 टक्के. बाकीचं 66 टक्के डोक्यातून पुसलं गेलं, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय तो पाठ करायचा ती अर्थहीन अक्षरं आणि प्रयोगात माणूस एकच, तो स्वतः. धड्याला अर्थ असतो, त्यामुळे तो इतक्या झपाट्याने जात नाही.

त्याचा विसरण्याचा आलेख सुरुवातीला जोरात पडतो, मग संथ होतो. म्हणून पहिली उजळणी त्याच संध्याकाळी कर, दुसरी दोन-तीन दिवसांनी, तिसरी आठवड्याने. उजळणी म्हणजे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिणं, आणि मग उघडून काय सुटलं ते लाल पेनाने भरणं. पुन्हा पुन्हा नुसतं वाचल्यावर सगळं येतंय असं वाटतं, ते ओळखीमुळे. पेपरात ओळखायचं नसतं, आठवून लिहायचं असतं.

प्रश्न : मुलीचे परीक्षेआधी हातपाय गार पडतात, पेपर हातात आला की सुचत नाही. मानसशास्त्रज्ञ की मानसोपचारतज्ज्ञ? (पालक, धरमपेठ)

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि समुपदेशन करतात, औषध देत नाहीत. त्रास परीक्षेपुरता असेल तर समुपदेशनापासून सुरुवात करा. आठवडेच्या आठवडे झोप, जेवण बिघडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमध्ये (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) मानसोपचाराची ओपीडी आहे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका, लगेच न्या आणि तोवर तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

घरी एक करता येईल : दर रविवारी परीक्षेच्याच वेळेला, घड्याळ लावून, एक पूर्ण पेपर. पहिली पाच मिनिटं फक्त वाचन, मग सर्वांत सोपा प्रश्न आधी. तेवढा वेळ तुम्ही खोलीत येरझारा घालू नका.