रडलं तर गाठ परत येते का हो मॅडम?

ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला वर्षातनं पाच-सहा वेळा तरी ऐकायला मिळतो, कधी बाई स्वतः विचारते, कधी तिची मुलगी मला दाराबाहेर थांबवून हळूच विचारते की आईला रडू द्यायचं का नको, तब्येतीवर परिणाम नाही ना होणार. म्हणून आज शोभाताईंबद्दल लिहिते. नाव-गाव बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय, त्या म्हणाल्या लिहा की, फक्त माझ्या शिलाईचा रेट लिहू नका, बायका भांडायला येतील.

शोभाताई टेलर. वय 48. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, फक्त ब्लाउजच शिवतात, कटोरी आणि प्रिन्सेस कटमध्ये हातखंडा. डाव्या बाजूला गाठ हाताला लागली तेव्हा दिवाळीच्या ऑर्डरी चालू होत्या म्हणून दीड महिना तसाच काढला (बायकांचं हे नेहमीचं, मी आता चिडायचं पण सोडलंय). मग मॅमोग्राफी, बायोप्सी, ऑपरेशन करून पूर्ण स्तन काढला, पुढे केमो, रेडिएशन आणि आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी. माझ्याकडे आल्या तेव्हा रेडिएशन संपून तीन महिने झालेले, डोक्यावर बोटभर केस आलेले आणि तेही कुरळे, आधी सरळ होते म्हणे.

घरचे सांगत होते आई एकदम पॉझिटिव्ह आहे, फक्त झोप नाही. आणि खरंच बाई हसत होत्या, पहिली वीस मिनिटं नुसत्या हसत होत्या, केमोतल्या गमती सांगत होत्या. मी सहज विचारलं, मशीन चालू केलं का परत, आणि हसू गेलं. म्हणाल्या, मापं घेता येत नाहीत. बाईच्या छातीला टेप लावली की हात कापतो, तोंडाने 36, 38 म्हणायचं आणि इथे आपली डावी बाजू सपाट. एका गिऱ्हाईकाला चक्क खोटं सांगितलं की मशीन बिघडलंय.

मग रडू येत असेल, म्हटलं.

"येतं ना. पण रडत नाही. आलं की तांब्याभर गार पाणी पिते, खाली जातं."

हे पाणी पिणं कुठून आलं ते हळूहळू कळलं. हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, तू सगळं मनात ठेवतेस ना, त्याचीच गाठ झाली. आणि कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवलेला की निगेटिव्ह विचाराने कॅन्सरच्या पेशी वाढतात. म्हणजे मनात ठेवलं म्हणून आला, आणि बाहेर काढलं तर परत येणार. बाईने करायचं काय मग? भेटायला येणाऱ्या माणसांना मी हात जोडून सांगते, पपई आणा, शहाळी आणा, काहीच नको असेल तर गप्प बसा, पण आजाराचं कारण शोधून देऊ नका.

आता खरं काय ते. कुढल्यामुळे किंवा टेन्शनमुळे ब्रेस्ट कॅन्सर होतो असा पक्का पुरावा नाही. वय, हार्मोन्स, काही घरांत आईबापांकडून येणारे बीआरसीए जीन्समधले दोष, दारू, पाळी गेल्यानंतरचं जास्त वजन, अशी कारणं माहीत आहेत, आणि कित्येक जणींच्या बाबतीत तर यातलं एकही बोट दाखवण्यासारखं नसतं. मन खंबीर ठेवलं की आयुष्य वाढतं या समजुतीला मात्र थोडं शास्त्राचंही खतपाणी मिळालंय. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी 1989 साली एक अभ्यास छापला, त्यात शरीरात पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या ज्या बायका दर आठवड्याला ग्रुपमध्ये बसून बोलत होत्या त्या जास्त जगलेल्या दिसल्या. ते जगभर गाजलं. पण 2001 मध्ये कॅनडात मोठ्या प्रमाणावर तेच करून बघितलं तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, आणि 2007 ला खुद्द स्पीगल यांच्याच दुसऱ्या अभ्यासात एकूण बायकांच्या बाबतीत तो फायदा मिळाला नाही. कॅनडात एक दिसलं ते असं की बोलणाऱ्या बायकांना मनाचा त्रास आणि दुखणं कमी जाणवत होतं. मला विचाराल तर हे चांगलंच झालं, कारण बोलल्याने बरं वाटतं एवढं कारण बोलायला पुरेसं आहे, आणि कॅन्सर परत आलाच तर मी पॉझिटिव्ह राहायला कमी पडले हे ओझं तरी बाईच्या डोक्यावर नको.

हे सगळं मी शोभाताईंना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. चूक केली. त्यांनी मान डोलावली, थँक्यू म्हणाल्या आणि पुढच्या वेळी तशाच हसत आल्या. इतक्या वर्षांनंतरही माझं हे होतं, समोरचा माणूस घाबरलेला असतो आणि मी माहिती देत बसते.

दुसऱ्या भेटीत म्हटलं गिऱ्हाईक राहू दे, घरी नुसती मापाची वही काढून चाळा. तिसऱ्या वेळी त्या वहीच घेऊन आल्या. लांब रजिस्टर, प्रत्येक बाईचं एक पान, उंची, छाती, कंबर, मुंढा, गळा पुढचा-मागचा. आणि दिवाळीच्या ऑर्डरीनंतरच्या पानावर वेगळंच अक्षर. स. 90, रा. 70. खाली स. 80, रा. 55. असं दोन पानं भरून, शेवटी 20 आणि पुढे "नळी काढली".

ऑपरेशननंतर काखेजवळून एक नळी बाहेर काढलेली असते, तिला छोटी बाटली, त्यात पाणी साठतं, ते रोज सकाळी-रात्री मोजून लिहायचं असतं आणि दिवसाचं माप साधारण 30 मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. ते मोजायचं काम त्यांच्या मिस्टरांनी केलेलं, एसटीत कंडक्टर, हिशोबाचं अक्षर. घरात दुसरी वही सापडली नाही म्हणून यात लिहिलेलं. शोभाताईंना हे माहीतच नव्हतं. त्यांना फक्त एवढं माहीत होतं की ऑपरेशन झाल्यापासून हे बाहेर हॉलमध्ये झोपतात, आणि का झोपतात त्याचं उत्तर त्यांनी मनातल्या मनात देऊन टाकलं होतं.

पुढच्या भेटीला मिस्टरांना बोलावलं. खुर्चीच्या कडेला बसले, टोपी हातात. मी विचारल्यावर बराच वेळ काही नाही, मग म्हणाले, "झोपेत हात लागून नळी ओढली जाईल म्हणून बाहेर झोपायला लागलो. नळी निघाली, पण मग आत यायचं कसं तेच कळेना."

शोभाताईंचं पाणी पिणं तिथे संपलं. खूप रडल्या, आवाज करून रडल्या, आणि हा माणूस घाबरून माझ्याकडे बघतोय, "मॅडम, चालेल ना हे?" म्हणजे व्हिडिओ त्यांनीही बघितलेला! म्हटलं, चालेल.

एक मात्र लक्षात ठेवा, रडणं वेगळं आणि डिप्रेशन वेगळं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोजच कशात रस नाही, झोप-भूक गेली, जगून काय करू असं बोलणं सुरू झालं तर वाट बघू नका, आणि मरायचे विचार येत असतील तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जाताना टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आवर्जून सांगा, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारख्या काही गोळ्या तिचा असर कमी करू शकतात, डॉक्टर मग दुसरी निवडतात. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि रात्री अंगातून वाफा निघणं, घामाने जाग येणं हेही टॅमॉक्सिफेनने होतं, शोभाताईंची अर्धी झोप त्यातच जात होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे त्यांनी स्वतःचा ब्लाउज शिवला. अस्तराला आतून खिसा, खिशात सुती पॅड, पण कापूस हलका, तो वर सरकतो, म्हणून आत मोहरीची पुरचुंडी घालून वजन आणलं. इतकी वर्षं त्या वहीत त्यांचं स्वतःचं माप नव्हतंच, अंदाजाने शिवायच्या, आता नळीच्या आकड्यांनंतरच्या पानावर ते लिहिलंय.

मागच्या आठवड्यात फोन आला. उजव्या बाजूच्या मॅमोग्राफीची तारीख जवळ आलीय, रात्री झोप नाही, परवा रडले म्हणाल्या, यांनी दोन वाजता उठून चहा केला, साखर विसरले. भीती वाटतेच हो, म्हणाल्या. मी म्हटलं, वाटणारच. मग जरा थांबून म्हणाल्या, "मॅडम, तुमचा तो निळा ब्लाउज मुंढ्यात दाटतो, मी मागेच बघितलं होतं. घेऊन या येताना."