फोटो अडव, आत्याला नको

चि. हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सकाळी डोळे उघडताच घरच्या ग्रुपवर आत्याने टाकलेला अपघातातील मृतदेहाचा फोटो समोर आला, तो दिवसभर नजरेसमोरून हलला नाही आणि रात्री तू ग्रुप सोडायला निघालीस. आपण फार हळव्या आहोत का, हा तुझा प्रश्न मला गैरलागू वाटतो. २०१३ मधील बॉस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटांनंतरच्या एका अभ्यासात, आठवडाभर रोज सहा किंवा अधिक तास त्याच बातम्या आणि दृश्ये पाहणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण आढळला होता. एका फोटोची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण ‘नुसता फोटोच तर आहे’ असे कुणी म्हणाले तर ऐकून घेऊ नकोस.

फोनचे काम पाच मिनिटांचे आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद कर, मोबाइल डेटावरही आणि वाय-फायवरही. मग तू बोट लावेपर्यंत फोटो धूसरच राहतो. ग्रुप कायमचा म्यूट करता येतो. फेसबुकवर मैत्री न तोडता अनफॉलो करता येते आणि समोरच्याला त्याची सूचनाही जात नाही.

खरे काम त्यापुढचे आहे: आत्याशी एकटीशी बोल. ग्रुपवर नको.

मी काय केले ते सांगतो. माझ्या मामांनी एकदा भाजलेल्या लहान मुलाचा फोटो ‘मदतीसाठी पुढे पाठवा’ असे लिहून टाकला. मी शोध घेतला, तो कित्येक वर्षांपूर्वीचा, भलत्याच देशातला निघाला आणि मी सर्वांसमोर पुराव्यांसह चार परिच्छेद लिहिले. मामांनी उत्तर दिले, ‘बरं.’ त्यानंतर त्यांनी ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छाही लिहिल्या नाहीत. पुढे एका लग्नात त्यांनी मला बाजूला घेतले, फोन पुढे करून नातवाचा फोटो दाखवला आणि विचारले, ‘हा टाकला तर चालेल ना?’

माझे म्हणणे चूक नव्हते. कुणीतरी ते म्हणायलाच हवे होते, आणि आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. फक्त तो मामांना एकट्याला फोनवर सांगेन. जे चारचौघांत टाकले ते चारचौघांतच का खोडू नये, असे तू विचारशील. अगं, हा युक्तिवाद मी स्वतःशी इतक्यांदा केला आहे की आता त्याचा कंटाळा येतो. एकटीशी बोल.

फोटोच्या वर दोन बाणांची खूण होती, असे तू लिहिले आहेस. म्हणजे तुझ्यापर्यंत येण्याआधी तो किमान पाच वेळा पुढे ढकलला गेला आहे. आत्यालाही तो कुणीतरी पाठवला असणार, तिनेही तो आधी एकटीनेच पाहिला असणार आणि घाबरून, पोरांनी गाडी जपून चालवावी म्हणून पुढे पाठवला असणार. तेव्हा नियम, कायदा, खरे-खोटे यांत शिरू नकोस. ‘आत्या, तो फोटो पाहून मला झोप लागली नाही, मला असे पाठवू नकोस,’ एवढेच सांग. ती रुसली तर रुसू दे, दोन दिवसांनी पुन्हा फोन कर. तरीही थांबली नाही तर ग्रुप खुशाल सोड, मी अडवणार नाही.

मात्र हे टाइप करून पाठवू नकोस. फोन कर आणि आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी कर.