मुलाखतीसाठी रजा मागताना खोटे बोलावे का?

‘नव्या नोकरीच्या मुलाखतीला जायचे आहे, पण साहेबांना काय सांगून रजा घेऊ?’ हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून अनेकदा येतो, आणि बहुतेक वेळा तो विचारणारी व्यक्ती त्याआधीच एकदा तरी खोटे बोलून बसलेली असते. पुण्याजवळच्या भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करणारी एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी अशीच आली होती. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे काही तपशील बदलून, तिची गोष्ट लिहीत आहे.

आधीच्या दोन मुलाखतींसाठी तिने ‘आईला दवाखान्यात न्यायचे आहे’ असे कारण दिले होते. दुसऱ्या वेळेनंतर विभागप्रमुखांनी आईची चौकशी केली, ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला आणि पैशांची अडचण असेल तर संकोच करू नकोस, असेही सांगितले. त्या दिवसापासून तिची झोप उडाली. वडील गेल्यानंतर याच गृहस्थांनी तिला धीराने काम शिकवले होते. आता हिंजवडीतल्या एका कंपनीने मंगळवारी अकरा वाजता बोलावले होते आणि ती मुलाखतच नाकारायच्या विचारात होती.

सुरुवातीला ती ‘पकडली जाईन’ एवढेच म्हणत होती. पकडले गेल्यावर नेमके काय होईल, हे मी तिला सावकाश विचारत गेले, तेव्हा नोकरी जाण्याची भीती फारशी उरली नाही. उरले ते ‘सरांना वाटेल, एवढे केले आणि ही निघाली’ हे वाक्य. ते उच्चारल्यावर ती बराच वेळ रडली. कृतज्ञता आणि नोकरीचा करार यांची अशी सरमिसळ आपल्याकडच्या कामाच्या ठिकाणी फार होते. सरांचे उपकार खरे होते, पण त्यांची परतफेड म्हणून तिने आयुष्यभर त्याच पगारावर थांबावे, असे त्यांनी कधीही म्हटले नव्हते; तो हिशेब तिने एकटीनेच मांडला होता.

मग आम्ही रजेकडे वळलो. खासगी नोकरदाराला मुलाखतीसाठी म्हणून वेगळी रजा आपल्याकडे मिळत नाही. असते ती नैमित्तिक रजा. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला 8 दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा आहे, ती तिमाहीनुसार खात्यात जमा होते आणि वर्षअखेरीस शिल्लक राहिली तर बुडते. कारखान्यांचे नियम वेगळे असल्यामुळे मी तिला तिचे नेमणूकपत्र आणायला सांगितले. त्यात वर्षाला सात सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, लिहिलेल्या होत्या आणि तिने तोवर तीनच वापरल्या होत्या. म्हणजे ती जे लपूनछपून मिळवू पाहत होती, ते तिच्या खात्यावर आधीच जमा होते.

अर्ज मी तिला माझ्यासमोरच लिहायला लावला. पहिल्या मसुद्यात चार ओळींचे कारण होते, आजारी मावशीसुद्धा होती. एकेक वाक्य ती स्वतःच खोडत गेली आणि शेवटी राहिले ते असे: ‘वैयक्तिक कामासाठी मंगळवारी एक दिवसाची नैमित्तिक रजा मिळावी. तपासणीचा अहवाल सोमवारी पूर्ण करून देईन.’ सरांनी विचारलेच तर ‘वैयक्तिक काम आहे सर, बुधवारी वेळेवर येते’ एवढे म्हणून थांबायचे, याचा आम्ही पाच-सहा वेळा सराव केला, कारण तिला बोलण्यापेक्षा थांबणे अवघड जात होते. कारण न सांगणे आणि खोटे कारण सांगणे यांत मोठा फरक आहे, असे मी मनापासून मानते. खोट्याची पुढची चौकशी झेलावी लागते आणि त्यासाठी दुसरे खोटे तयार ठेवावे लागते. आधीच्या खोट्याची कबुली देण्याचा आग्रह मी धरला नाही. आई आता बरी आहे, हे खरे होते, तेवढे सांगून तो विषय मिटवायचे ठरले.

एक गोष्ट मात्र तिच्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि हिंजवडीतली कार्यालये गुरुवारी सुरू असतात. ‘गुरुवारी वेळ मिळेल का, असे विचारले तर ते दुसऱ्या कोणाला घेतील,’ ही तिची समजूत होती. उलट, चालू नोकरीतले काम टाकून न येणारा उमेदवार समोरच्यालाही भरवशाचा वाटू शकतो, हे तिला पटायला वेळ लागला. तिने माझ्यासमोर फोन केला. मंगळवारची फेरी बदलता येणार नाही, असे उत्तर आले, पण पुढची फेरी गुरुवारी ठेवायला त्यांनी लगेच होकार दिला.

मंगळवारच्या अर्जावर सरांनी काहीही न विचारता सही केली. दोन्ही फेऱ्या झाल्या, मात्र तिची निवड झाली नाही. महिन्याभराने ती आली तेव्हा झोप पूर्ववत झाली होती आणि तिने आणखी दोन ठिकाणी अर्ज केले होते. नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही आणि ते पडले की सर्वांत आधी सरांना समोर बसून स्वतः सांगायचे, हे तिने ठरवले आहे. शिल्लक सीएल ती आता डायरीत लिहून ठेवते आणि कुठूनही बोलावणे आले की आधी विचारते, ‘गुरुवारी चालेल का?’