स्क्रीनवर स्वच्छ दिसणारा फोटो छापल्यावर का फुटतो?

माहितीपत्रक स्क्रीनवर स्वच्छ दिसतं, पण पीडीएफ करून छापायला दिलं की फोटो फुटतात, तर एक्सपोर्टचं कोणतं सेटिंग चुकतंय, असं तुम्ही विचारलंय. सेटिंगकडे येतोच, पण आधी मूळ फोटो तपासा. एक्सपोर्ट करताना फोटोतला तपशील कमी होऊ शकतो, वाढत कधीच नाही.

सुरुवातीच्या काळात मी ए४ मुखपृष्ठावर १२०० पिक्सेल रुंदीचा, वेबसाइटवरून उतरवलेला फोटो लावला होता. फोटोशॉपमध्ये रिझोल्यूशनच्या चौकटीत ७२ च्या जागी ३०० टाकलं, 'रीसॅम्पल'ची (म्हणजे पिक्सेलची संख्या बदलू देण्याची) खूण तशीच राहू दिली आणि काम झालं असं समजलो. ए४ ची रुंदी सुमारे ८.२७ इंच, म्हणजे खरा तपशील इंचाला जेमतेम १४५ पिक्सेलचा. बाकीचे पिक्सेल सॉफ्टवेअरने शेजारचे रंग पाहून भरलेले. सगळ्या प्रती धूसर निघाल्या. ते अजून बोचतं, म्हणून या मुद्द्यावर इतका थांबलो.

तेव्हा फोटो पानावर ज्या आकारात लावलाय, त्या आकाराला इंचामागे किती पिक्सेल येतात ते बघा. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरच्या लिंक्स पॅनेलमध्ये 'इफेक्टिव्ह पीपीआय' (पीपीआय म्हणजे इंचामागे पिक्सेल) या नावाने हा आकडा दिसतो. फोटो ताणून दुप्पट केला की हा आकडा निम्मा होतो. ऑफसेट छपाईत १५० लाइनचा स्क्रीन, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळींची जाळी, सर्रास वापरतात आणि त्याच्या दुप्पट म्हणून ३०० हा आकडा रूढ झाला. माझ्या अनुभवात २२५-२५० वरही फोटो निभावून जातो. १५० च्या खाली असेल तर फोटो लहान लावा किंवा मूळ फाइल मागवा. ती व्हॉट्सअ‍ॅपवर येणार असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायला सांगा; फोटो म्हणून पाठवली की पिक्सेल कमी होतात.

आता एक्सपोर्ट. तुमचा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) 'स्मॉलेस्ट फाइल साइझ' असेल तर तिथेच घोटाळा आहे, कारण तो फोटो १०० पीपीआयवर आणतो. त्याऐवजी पीडीएफ/एक्स-४ हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार घ्या. त्यात ट्रान्सपरन्सी (सावल्या, अर्धपारदर्शक भाग) जशीच्या तशी राहते. प्रेसवाले जुन्या पद्धतीने काम करत असतील तर पीडीएफ/एक्स-१ए हा जुना प्रकार मागतील, म्हणून आधी विचारून घ्या. कम्प्रेशनमध्ये जेपीईजी ठेवलंत तर क्वालिटी 'मॅक्झिमम' हवी. पानावर स्क्रीनशॉट किंवा बारीक अक्षरांची चित्रं असतील तर मी तपशील न गमावणारं 'झिप'च निवडतो. फाइल जड होते, पण अक्षरांच्या कडेला जेपीईजीची घाण दिसत नाही. लोगो मात्र व्हेक्टरच (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांचा, कितीही मोठा केला तरी न फुटणारा) ठेवा, त्याचा जेपीईजी करूच नका.

आरजीबीचं (स्क्रीनच्या रंगांचं) सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) एकदाच करा, तेही प्रेसने दिलेल्या प्रोफाइलने, म्हणजे रंग कसे बदलायचे ते सांगणाऱ्या फाइलने. झगझगीत निळे-हिरवे थोडे मंदावतील. ते शाईच्या मर्यादेमुळे, फोटो खराब झाला म्हणून नव्हे. ब्लीड, म्हणजे पानाच्या कडेबाहेर ठेवायचा, नंतर कापला जाणारा भाग, साधारण ३ मिमी.

फाइल पाठवण्याआधी तयार झालेली पीडीएफच उघडा, ३०० टक्के झूम करा आणि चेहऱ्यांच्या कडा, केस, बारीक अक्षरं बघा. मूळ फोटोही तितकाच मोठा करून शेजारी ठेवा. मूळ स्वच्छ आणि पीडीएफमधला फुटलेला असेल तर सेटिंग बदला. दोन्ही सारखेच फुटलेले असतील तर दुसरा फोटो शोधा.