वाचकांचे प्रश्न : तुमची गाणी कुणाच्या नावावर?

प्रश्न : आम्ही चौघे नॉईज रॉक वाजवतो, म्हणजे गिटारच्या गोंगाटातूनच गाणं करणारा रॉक. गाणी स्वतःची, शब्द मराठी आणि कोंकणी. दोघे वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टला आहेत, एक शाळेत शिकवतो, मी अजून कॉलेजात. गेल्या महिन्यात किनाऱ्यावरच्या एका बारने दर शनिवारी आठ हजार देऊ केले. अट एकच, निम्मा वेळ लोकांच्या ओळखीची हिंदी-इंग्रजी गाणी वाजवायची. आणि राज्याबाहेरच्या एका कंपनीने अल्बमचा करार पाठवला. रेकॉर्डिंगचा खर्च त्यांचा, बदल्यात गाण्यांचे आणि मास्टरचे सगळे हक्क, जगभर, कायमचे. तिघे सही करायच्या बाजूने आहेत, मला धीर होत नाही. तीन गाणी सोबत पाठवतोय.
– बेस वाजवणारा, फोंडा

उत्तर : या करारावर सही करू नका. कारण सांगतोच, पण आधी गाण्यांबद्दल, कारण त्यातलं दुसरं डोक्यातून जात नाही.

फोनवर नीट कळेना म्हणून काल्याच्या नाटकांना लावतो त्या मोठ्या बॉक्सवर ते लावलं. शेवटी गिटार थांबते, ड्रम थांबतात आणि मागे राहतो तो अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा, हुं. तो विजेचा, ५० हर्ट्झचा. त्यावर तू बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर धरून ठेवला आहेस. तो ४९ हर्ट्झचा. इतके जवळचे दोन सूर एकत्र आले की आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. मिनिटभर तेवढंच चालतं. हा हुं घालवायला आम्ही साउंडवाले अर्थिंग तपासत, वायरी बदलत फिरतो. तुम्ही त्यातून गाण्याचा शेवट काढलात. हे ज्यांना सुचलं त्यांना ‘कायमचं लिहून द्या’ असं सांगायला माझा जीव धजत नाही.

आता करार. गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि ती वाजवून केलेलं रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, ही दुसरी. तुमच्या करारात दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळल्या आहेत. शब्द-चालीच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा तुमच्या पाठीशी आहे. हक्क दुसऱ्याला दिले तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा रचणाऱ्याचाच राहतो, आणि तो सोडतो असं लिहून घेतलं असलं तरी ते रद्दबातल ठरतं. मास्टरची मालकी मात्र एकदा लिहून दिली की गेली. हाच कायदा असंही म्हणतो की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरावी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. ‘जगभर’ आणि ‘कायमचे’ हे शब्द तिथे उगाच पडलेले नाहीत.

ते खोडायला सांगा. म्हणा, मास्टर आमचं, तुम्हाला पाच वर्षांचा परवाना, खर्च वसूल झाला की नफा निम्मा-निम्मा. मागताना संकोच करू नका. शिकागोच्या टच अँड गो या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, नॉईज रॉकचे कितीतरी बँड याच वाटणीवर सांभाळले, बरेचदा नुसत्या शब्दावर. त्याच शहरातला स्टीव्ह अल्बिनी दुसऱ्यांचे अल्बम रेकॉर्ड करायचा तेव्हा एकरकमी मेहनताना घ्यायचा, रॉयल्टीला हात लावत नसे. ती बँडची, असं तो उघड म्हणायचा. कंपनी ऐकत नसेल तर सोडून द्या.

घाई कसली आहे? सॉनिक यूथ हा नॉईज रॉक बँड न्यूयॉर्कला १९८१ मध्ये सुरू झाला आणि मोठ्या कंपनीकडून त्यांचा पहिला अल्बम आला १९९० मध्ये. मधली सगळी वर्षं छोटी लेबलं. आपल्याकडचंच बघायचं तर शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये घरी रेकॉर्ड केलेली कॅसेट पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन विकली. तुम्हाला बँडकॅम्प आहे, बँडना आपली गाणी थेट विकता येणारी वेबसाइट. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, कॅसेट किंवा टी-शर्टवर १० टक्के, पेमेंटचा खर्च वेगळा, उरलेले तुमचे. स्पॉटिफायवर गाणी असू द्यात, लोक तिथेच शोधतात, पण पैसा हिशोबात धरू नका. २०२४ पासून वर्षात १,००० वेळा न वाजलेल्या रेकॉर्डिंगला तिथे काहीच मिळत नाही. शब्द-चाल ज्यांची आहे त्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या.

बारचं म्हणशील तर आठ हजारांतून टेंपो आणि पेट्रोल गेल्यावर माणशी किती उरतात ते मांडून बघा. शिफ्ट सांभाळून चौघांना एकत्र मिळणारा दिवस बहुधा शनिवारच असेल. तोच विकला तर नवी गाणी करणार कधी? वेर्ण्याची नोकरी पोट भरते आहे, ते ओझं बँडवर टाकू नका. सीझनमध्ये किनाऱ्यावर गेलेले बँड मी पाहिले आहेत. नोव्हेंबरला वाजवायला स्वतःची गाणी असतात, मार्चपर्यंत ती यादीतून एकेक करून गळतात. बारवाल्याला उलट विचारून बघा. महिन्यातून एकदा, पैसे कमी चालतील, पण गाणी फक्त आमची.

आणखी एक, जे तू विचारलं नाहीस. चौघांनी आपापसात एक कागद करा. कुठल्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, मास्टरमध्ये कुणाचा किती वाटा, एखादा सोडून गेला तर बँडचं नाव कुणाकडे. तिघे एकीकडे आणि तू एकीकडे, हे आत्ताच झालं आहे. भांडण नाही तोवर हा कागद एका संध्याकाळी होतो.

प्रश्न : मुलगी बँडमध्ये ड्रम वाजवते. सरावाहून आली की रात्री कानात शिट्टी वाजते म्हणते. सकाळी जाते, म्हणून मनावर घेत नाही. बंद करायला लावू का?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, ड्रम बंद करू नका, पण ती शिट्टी मनावर घ्यायलाच हवी. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, मेल्या की पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं, आणि बंद खोलीत ड्रम आणि अँप १०० सहज ओलांडतात. कापसाने भागत नाही. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळेच सूर सारखे खाली आणतात, त्यामुळे झांज गिळली जात नाही. पहिला ठोका पडायच्या आधी ते कानात असले पाहिजेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : नातवाने हे नॉईज रॉक ऐकवलं. जन्म नाट्यसंगीत ऐकण्यात गेलेल्या माणसाला हा निव्वळ गोंगाट वाटतो. यात ऐकायचं काय?
– एक ज्येष्ठ रसिक, साखळी

उत्तर : काका, आपण तंबोरा लावताना पाहिलाच असेल. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, जवारी जमली की तार घोडीला घासून झणझणते आणि मूळ स्वरावर वरचे स्वर फुलून येतात. दोरा काढला तर तार नुसती टण् करून संपते. या मुलांचं फझ पेडल, पायाने चालू करायची छोटी डबी, गिटारच्या आवाजाची टोकं कापून असेच वरचे स्वर भरतं, फक्त फार जास्त. फीडबॅक त्यापुढचा. स्पीकरचा आवाज तार हलवतो, तारेचा आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो, फेरा संपतच नाही. वाजवणारा पाऊलभर मागे सरकला की सूर बदलतो. नातवाबरोबर एकदा प्रत्यक्ष जा, मागच्या रांगेत बसा आणि गिटारवाल्याचे पाय बघा. तरीही आवडलं नाही तर नातवाला तसं मोकळेपणी सांगा.

प्रश्न : घरी सराव करतो, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेत, तरी शेजारी तक्रार करतात. दहाच्या आत वाजवायचा हक्क आहे ना?
– गिटारवादक, मडगाव

उत्तर : तसा सरसकट हक्क नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरवर बंदी, हा ध्वनिप्रदूषणाच्या सन २००० च्या नियमांतला एक भाग झाला. त्याच नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि ड्रम त्याच्या कितीतरी वर जातो. ट्रे काढून टाका. त्यांनी खोलीतली घुमण थोडी कमी होते, भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडवतं ते वजन, आणि बुजवलेल्या फटी. दाराखालची फट आणि खिडकी आधी बघा. बेस ड्रम जमिनीतून जातो, त्याच्याखाली जुन्या गाद्या आणि वर जाड प्लायवुड टाका. शेजारी दहावी-बारावीचं कुणी असेल तर विचारून घ्या आणि परीक्षा संपेपर्यंत सराव दुसरीकडे न्या.