गावात योगवर्ग काढताय तर हॉलच्या आधी किल्लीचं बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. नागपूरला योगाचा कोर्स केला, लग्न होऊन हिंगणघाटकडच्या गावात आलात, सात-आठ बायका यायला तयार आहेत, समाजमंदिरासाठी अर्ज केला तर "योग दिन होऊ द्या, मग बघू" म्हणाले, आणि आता तुम्ही विचारताय की थांबू का, आणि फी किती ठेवू. थांबू नका. का ते सांगते, लांबेल जरा.

मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडच्या खेड्यातलं सांगतेय, तुमच्याकडची माणसं वेगळी असू शकतात हे धरूनच वाचा. आणि आसनं कशी शिकवायची, क्रम काय ठेवायचा त्यात मी पडत नाही, ते तुम्हाला येतंच.

आमचा वर्ग आमच्याच अंगणात चालायचा. बायका वाढल्या, अंगण पुरेना, त्यातच पेरणीच्या आधी घरात बियाण्याच्या, खताच्या थैल्या येऊन पडल्या. तेव्हा एका ऑफिसातून (नाव घेत नाही, घेऊन काही होणारही नाही) निरोप आला, आमच्या ताब्यातला हॉल रिकामाच असतो, तुम्ही वापरा ना मॅडम. पंखे, फरशी, नळ, सगळं होतं. आम्ही गेलो. मग 21 जूनला बॅनर लागलं, पाहुणे आले, आमच्या बायकांना टी-शर्ट घालून बसवलं, फोटो झाले. आणि त्याच आठवड्यात हॉलला कुलूप.

किल्ली शिपायाकडे, शिपाई दुसऱ्या गावचा. बाबू म्हणे लेखी अर्ज द्या. दिला. मग म्हणे अर्ज आवकमध्ये दिसत नाही. मग साहेब जिल्ह्याला मीटिंगला. मग तुमची संस्था रजिस्टर आहे का. हे आधी विचारलं असतं तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो ना! पण नाही कोणी म्हणतच नव्हतं, "उद्या किल्ली पाठवतो" म्हणायचे, आणि म्हणून बायका उद्याही यायच्या. काखेत सतरंजीची गुंडाळी घेऊन हॉलच्या पायरीवर उभ्या राहायच्या, उजाडायला लागलं की एक म्हणायची नळ आले असतील, दुसरी म्हणायची डबा राहिला, आणि एकेक करून निघून जायच्या. मी शेवटी कुलपाकडे बघत राहायचे, इतका राग यायचा की काय सांगू.

आता यात खरं नुकसान काय झालं ते नीट वाचा, कारण शहरातल्या कोर्समध्ये हे कोणी सांगत नाही. खेड्यातली बाई सकाळी तासभर घराबाहेर येते तेव्हा तिच्यामागे घरात बरीच मांडणी झालेली असते. सून पाणी भरते, नवरा स्वतःचा चहा करून घेतो, पोरीची वेणीफणी जाऊ करते. वर्ग रोज चालू आहे तोवर ती मांडणी टिकते. पंधरवडाभर वर्ग बंद पडला की घर पुन्हा जुन्या वळणावर येतं, आणि बाईला ती तासाची सुट्टी नव्याने मागावी लागते. जवान पोरी मागतात. साठीच्या बाया मागत नाहीत. आमच्याकडे एक काकू होत्या, गुडघे गेलेले, आधी कित्येक दिवस फाटकाशी उभ्या राहून बघायच्या, मी खुर्ची आणून ठेवली तेव्हा आत आल्या. खुर्चीवरच सगळं करायच्या, हात खांद्यावरून नीट वर जायला लागले होते. नंतर वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा घरी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "आता सुनेले पुन्हा कसं मनावं वो बाई." पुढे निंदण, मग पोळा, मग सोयाबीनची सोंगणी, मग कापूस. त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्या वयाच्या बहुतेक जणी नाही आल्या. हे त्या ऑफिसने आमचं घेतलं, हॉल गेल्याचं मला काही नाही.

योग दिनावर माझा राग नाही बरं का. संयुक्त राष्ट्रांनी 11 डिसेंबर 2014 ला ठराव केला, 2015 पासून 21 जून साजरा होतो, आपल्या अर्ध्या गोलात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणून तो धरला, ठीक आहे. पण आपल्याकडे मृग बरसला की तेच पेरणीचे दिवस असतात, माणूस वावरात असतो, आणि नेमकी त्याच आठवड्यात ऑफिसांना आपली आठवण येते. ऑफिसवाले योग दिनासाठी तुमच्याकडे बायका मागायला येतील तेव्हा जा, पण वर्ग त्यांच्या जागेत हलवू नका.

मग जागा कुठली? माझ्या मते झेडपीच्या शाळेचा व्हरांडा सगळ्यात बरा, कारण तिथे सगळ्याच वस्त्यांची पोरं शिकतात आणि कोणत्याच बाईला पाय ठेवायला संकोच वाटत नाही. मारुतीच्या देवळाचा मंडप लगेच मिळतो, पण बौद्ध वस्तीतल्या, मुसलमान घरातल्या बायका तिथे यायला कचरतात, पाळीच्या दिवसांत बाकीच्याही येत नाहीत, आणि अर्धं गाव बाहेर राहिलं तर त्याला गावचा वर्ग कसं म्हणायचं. गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर असेल तर विचारून बघा. पहाटेचं सामुदायिक ध्यान झालं की जागा रिकामी असते, आणि तुकडोजी महाराजांच्या माणसांना बायका एकत्र बसतात याचं नवल वाटत नाही.

तरीही हॉलच हवा असेल तर अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. ग्रामपंचायतीचं समाजमंदिर असेल तर मासिक सभेचा ठराव मागा आणि ठरावाची नक्कल घ्या, आणि त्यात किल्ली कोणाकडे राहील हे नावानिशी लिहून घ्या, हे मी दहादा सांगेन. दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज 150 शब्दांत, एकच विषय, 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. "का दिला नाही" असं विचारू नका, त्याला गोलगोल उत्तर येतं. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्या" असं लिहा. मी वकील नाही, पण एवढं केलं की निदान अर्ज सापडतो.

फीचं म्हणाल तर हे माझं स्वतःचं मत, पटलं तर घ्या. पहिला मोसम पैशाचं नावच काढू नका. नागपूरला जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळाचे वर्ग विनामूल्य चालतात हे तुम्ही पाहिलंच असेल, विदर्भाला त्याची सवय आहे. बायकांच्या हातात पैसा कापूस विकला की येतो, तोही थोडाच. आमच्याकडे बायकांनी नंतर स्वतःहून बचत गटाच्या बैठकीत ठरवलं, त्यातून सतरंज्या आणि लाइटचं बिल निघतं. ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी फी घेऊ नये असं मी म्हणत नाही, तालुक्याच्या गावी घ्या, तिथे शिक्षकांच्या, नोकरदारांच्या घरच्या बायका देतात.

त्यात पडत नाही म्हटलं होतं, तरी आता जरा शिकवण्याचंही बोलतेच. निंदणाला दिवसभर वाकलेल्या बाईला सकाळी पुन्हा पश्चिमोत्तानासनात वाकवू नका. मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन, ही पाठ मोकळी करणारी आसनं, हेच तिला हवं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत बोटं, मनगटं आणि मान, एवढं केलं तरी दुवा देतात, बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा सोललेल्या असतात तेव्हा तळवे जमिनीवर दाबायला लावू नका. लुगड्यातल्या आजीला ड्रेस घाल म्हणू नका, लुगड्यात बसून जे होतं ते भरपूर आहे. दुखऱ्या गुडघ्यांना वज्रासन नको, खुर्ची द्या.

कपालभातीचं (पोट आत मारत जोरात श्वास सोडायचा तो प्रकार) मात्र कडक राहा. टीव्हीवर बघून सगळ्यांना तेच हवं असतं. बीपी, हृदयाचा त्रास, हर्निया, दिवस गेलेले, पोटाचं ऑपरेशन, यांना नको. आणि इथे एक गोष्ट, आपल्या भागात गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेल्या बाया खूप असतात आणि चारचौघींत सांगत नाहीत. वर्गात हात वर करायला सांगू नका, एकेकीला बाजूला घेऊन, घरी जाऊन विचारा. मी डॉक्टर नाही, शंका आली की उपकेंद्रातल्या सिस्टरकडे पाठवते, बीपी मोजून येईपर्यंत नुसतं भ्रामरी आणि शवासन.

वेळ मोसमाप्रमाणे हलवावी लागेल. एप्रिल-मेमध्ये साडेपाचला सुरू करा, सातनंतर फरशीसुद्धा तापते. थंडीत कापसाच्या दिवसांत सकाळी बायका चुलीपुढे असतात, तेव्हा संध्याकाळ धरा, दिवाबत्ती झाल्यावर. एखाद-दोनच जणी आल्या तरी वर्ग घ्या, एकही आली नाही तरी तुम्ही तिथे बसलेल्या दिसल्या पाहिजेत. मॅटवर पैसे घालवू नका, पातळ मॅट थंडीत फरशीवर काही कामाची नाही, जाड सतरंजी बरी.

आणि पहिल्या दिवशी तुमच्या सासूबाईंना सोबत न्या. त्यांनी काही नाही केलं, खुर्चीवर बसून नुसतं बघितलं तरी चालेल, कारण दुसऱ्या दिवशी विहिरीवर नाहीतर किराणा दुकानात बाकीच्या सासवा त्यांनाच विचारतील, तिथे काय करतात म्हणून. जागा ठरली की इथेच कळवा, शाळा घ्यायची असेल तर मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीला द्यायच्या अर्जाचा मजकूर मी लिहून देते.