पहिल्यांदाच प्रेस पास मिळालाय, मोठ्या घोडेस्वारी स्पर्धेचे फोटो कसे काढू?

अभिनंदन! सगळ्यात आधी, फ्लॅश बॅगेतच राहू द्या. घोडा बिचकला तर स्वाराच्या जिवावर बेतू शकतं. ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या तालबद्ध, शिस्तशीर हालचालींच्या स्पर्धेचं, मोठं मैदान 60 बाय 20 मीटरचं असतं आणि तिथे एवढी शांतता असते की शटरचा आवाजही जाणवतो. सायलेंट मोड लावा, फेरी संपेपर्यंत जागा सोडू नका.

शो जंपिंगमध्ये मात्र खरा कस क्षण पकडण्यात आहे. घोडा अडथळ्याच्या बरोबर वर, पुढचे पाय गुडघ्यात घट्ट दुमडलेले, कान पुढे टवकारलेले, तोच फोटो हवा. कान मागे पाडलेला घोडा कितीही शार्प आला तरी जाणकारांना रुचत नाही. फोकस आधीच वरच्या दांडीवर ठेवा, शटर 1/1000 किंवा त्याहून जलद, आणि घोडा जमीन सोडताना बटण दाबा. वर पोहोचल्यावर दाबलंत तर उशीर झालेला असतो. बर्स्टवर, म्हणजे सलग धडाधड फोटो काढणाऱ्या मोडवर, सगळा भरवसा नको.

फेरीआधी स्वार अडथळ्यांचा मार्ग पायी चालून पाहतात. तेवढ्या वेळात तुम्ही बाहेरून पार्श्वभूमी हेरून ठेवा, कारण जाहिरातींचे फलक चांगला फोटो खाऊन टाकतात.

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या लांब फेरीत, शिट्टी ऐकू आली की घोडा येतोय असं समजा आणि मार्गापासून लांब थांबा. अडथळ्याच्या अगदी बाजूला बसू नका. उडी नाकारून घोडा तिकडेच वळू शकतो.

आणि फेरी संपली म्हणून कॅमेरा खाली ठेवू नका. स्वार घोड्याची मान थोपटतो ना, माझे सर्वांत आवडते फोटो तेव्हाचेच आहेत.